तारीखसाहेबांची खुर्ची

खुर्ची म्हणजे काय, चार पाय, दोन हात आणि एक पाठ. हिशेब केला तर माणसापेक्षा दोन पाय जास्त, आणि तोंड नाही ही आणखी एक जमेची बाजू. पण त्या काळी कोर्टात वकिलांच्या खोलीत खिडकीजवळ जी खुर्ची होती, तिच्यासाठी साठी उलटलेली माणसं लहान मुलासारखी झुरत. बैठक चामड्याची, हात गुळगुळीत, डोक्यावर खोलीतला एकुलता एक चालणारा पंखा आणि पाठीवर पितळी पट्टी. दर वर्षी वकील संघ एका ज्येष्ठ वकिलाचा सन्मान करी. त्याला मानपत्र देऊन त्याचं नाव त्या पट्टीवर कोरलं जाई आणि वर्षभर त्या खुर्चीवर दुसऱ्या कोणी साधी टोपीसुद्धा ठेवायची नाही, असा दंडक होता. आता त्या खोलीत सगळ्या खुर्च्या सारख्याच आहेत. प्लॅस्टिकच्या. झुरण्यासारखं काही उरलेलं नाही.

आपले तारीखसाहेब बसत ते दाराजवळच्या बाकावर. त्यांचं खरं नाव बायकोला आणि पोस्टमनला माहीत होतं. बाकी सारं गाव त्यांना तारीखसाहेब म्हणे, कारण खटल्याची पुढची तारीख मिळवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पावसाचं कारण, पोटाचं कारण, अशिलाच्या आत्याचं कारण. एका अशिलाची आत्या त्यांनी इतक्या वेळा मारली होती, की ती खरोखर वारली तेव्हा न्यायाधीशांनी तारीख दिली नाही.

तर त्या बाकाला एक खिळा होता. तो वर आलेला होता आणि वर्षानुवर्षं तारीखसाहेबांच्या विजारी फाडत होता. एके दिवशी वकीलीणबाई विजार रफू करता करता थांबल्या.

"अहो, या विजारीत आता मूळ कापड कमी आणि माझा दोरा जास्त झालाय. एक तर तो खिळा काढा, नाही तर खिडकीजवळची खुर्ची मिळवा."

दुसरा कोणी असता तर हातोडी घेऊन गेला असता. पण तारीखसाहेब वकील होते. खिळा ही संघाची मालमत्ता होती आणि त्याबाबतचा त्यांचा अर्ज संघापुढे फार पूर्वीपासून पडून होता. त्या मानाने खुर्ची मिळवणं सोपं, असं त्यांचं मत पडलं. शिवाय मनातली गोष्ट अशी, की खुर्ची त्यांना हवीच होती. अगदी आतून, पोटातून हवी होती. इतकी वर्षं दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "दार लावा हो" म्हणण्यात गेली. एकदा तरी कोणी म्हणावं, "साहेब आहेत का? ते काय, पंख्याखाली बसलेत."

वकीलीणबाई तडफेच्या बाई. बैठकीतल्या कपाटाचा मधला कप्पा त्यांनी त्याच संध्याकाळी रिकामा केला. तिथे चिनी मातीची दोन बदकं होती, ती उचलून स्वयंपाकघरात नेली. "मानपत्र इथे," त्यांनी जाहीर केलं. खिडकी उघडी होती. त्यामुळे ही बातमी अर्ध्या तासात वरच्या मजल्यावर पोचली.

वरच्या मजल्यावर हेडबाई राहत. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्या लगेच खाली आल्या.

"सन्मान घ्यायचा म्हणजे चेहरा नम्र पाहिजे," त्या म्हणाल्या. "हसा बघू."

तारीखसाहेब हसले.

"नको. हसू नका. नुसते उभे राहा. मान खाली. आणखी खाली. अशी नाही हो, असं वाटतंय की काहीतरी चोरलंय तुम्ही."

खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर जिन्यातून जात होते. तेही डोकावले आणि म्हणाले, "फोटोत मागची दाढ दिसते. काढून टाकू या." तारीखसाहेबांनी दाढ वाचवण्यासाठी तोंड मिटलं, आणि हेडबाईंना त्या मिटलेल्या तोंडात एकदम नम्रता दिसली. पुढचे कित्येक दिवस साहेब तसेच मिटल्या तोंडाने वावरत होते. कोर्टात एक-दोघांनी घरी सगळं ठीक आहे ना, अशी चौकशीही केली.

वकील संघाच्या कचेरीला एक बुटकी खिडकी होती. तिच्यातून कारकुनाची फक्त मिशी आणि हनुवटी दिसत असे. साहेबांनी मिशीला नमस्कार केला.

"पस्तीस वर्षांची वकिली पाहिजे," मिशी म्हणाली.

"जास्तच झाली."

"पुरावा? जुने कागद मागच्या पावसाळ्यात ओल येऊन गेले. भिंतीवरच्या पस्तीस वर्षांपूर्वीच्या फोटोत असाल तर बघा."

फोटो होता. साहेबही त्यात होते. पण त्यांच्या पुढे त्या वेळचे एक अतिविशाल ज्येष्ठ वकील उभे राहिल्यामुळे साहेबांचा फक्त डावा कान बाहेर आला होता.

"हा कान माझा," साहेब म्हणाले.

"कशावरून?"

पस्तीस वर्षांत त्यांना असा नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी निमूटपणे खाली वाकून डावा कान खिडकीत घातला. मिशी आत गेली, फोटो खिडकीपाशी आला, मिशी परत आली. मागे रांगेतली माणसं टाचा उंचावून बघत होती.

"वाढलाय थोडा," मिशी म्हणाली. "पण चालेल."

माणसाची प्रतिष्ठा कान धरून मोजली जाण्याची ती पहिलीच वेळ असावी. साहेब लाल कान घेऊन सरळ झाले. दुसरी अट, एक तरी गाजलेला खटला. तो होता. भिंतवाल्या भावांचा खटला सगळ्यांना ठाऊक होता. घराच्या मधल्या भिंतीवरून दोघे भाऊ भांडत होते. थोरला साहेबांचा अशील. खटला इतकी वर्षं चालला की भावांचं भांडण मिटलं, पण तारखा सुरूच राहिल्या. दोघे एकाच सायकलवरून कोर्टात येत आणि एकाच डब्यातून जेवत.

"आणि तिसरं," मिशी म्हणाली, "तुम्ही ज्यांच्याविरुद्ध सर्वांत जास्त खटले लढलात, त्या वकिलांनीच तुमचं नाव सुचवायचं आणि समारंभात गुणगान करायचं."

हा नियम मोठा विचार करून केलेला होता. अशील चांगलं बोलतो तो गरजेपोटी, नातेवाईक बोलतो तो नाइलाजाने. विरोधी वकिलाला मात्र खरं काय ते माहीत असतं. ऐकून साहेबांनी खिडकीत सरकवलेला अर्ज पुन्हा आपल्याकडे ओढला. कारण तो विरोधी वकील म्हणजे मखमलसाहेब.

मखमलसाहेबांचा आवाज असा मऊ, की हरलेला माणूससुद्धा त्यांना धन्यवाद देऊन जाई. तारीखसाहेबांचे निम्मे खटले त्यांच्याविरुद्ध होते. त्यातले काही तडजोडीत मिटले, काही तारखांत विरघळले आणि उरलेले सगळे साहेब हरले. जिंकला असा एकही नाही. कोर्टात दोघे एकमेकांना 'माझे विद्वान मित्र' म्हणत आणि कोर्टाबाहेर काहीच म्हणत नसत. फार पूर्वी एका छत्रीवरून अबोला धरला होता. छत्री कोणाची हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही.

"जाऊन विचारा की सरळ," वकीलीणबाई म्हणाल्या.

"सरळ? बोलत नाही आम्ही!"

"मग?"

मग साहेबांनी त्यांना येत असलेला एकमेव मार्ग धरला. रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. 'आपणांस या नोटिशीद्वारे कळविण्यात येते, की ही नोटीस मिळताच पंधरा दिवसांच्या आत आपण माझी मनःपूर्वक स्तुती करावी. कसूर केल्यास होणाऱ्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल.'

उलट टपाली उत्तर आलं. 'आपल्या नोटिशीतील सर्व मजकूर आम्हांस नाकबूल आहे. आपल्या अंगी काही गुण असल्याचे आमच्या माहितीत नाही. असल्यास ते सिद्ध करण्याची जबाबदारी आपली आहे.'

साहेबांनी प्रत्युत्तर लिहायला घेतलं. शाई वाळेपर्यंत वकीलीणबाई पिशवी घेऊन मंडईत गेल्या आणि कोबी घेऊन परत आल्या.

"झालं," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"मखमलबाई भेटल्या कोबीवाल्याकडे. त्यांनाही घरातली धुसफूस नको झालीय. पुढच्या वर्षी त्यांच्या ह्यांचं नाव तुम्ही सुचवायचं, यंदा ते तुमचं सुचवतील. कोबी पण चांगला मिळाला."

दोन विद्वान माणसांना इतक्या वर्षांत जे जमलं नाही, ते दोन बायकांनी कोबीचा गड्डा दाबून बघता बघता उरकलं. साहेबांना थोडा अपमान वाटला. निदान एखादी तारीख तरी पडायला हवी होती.

समारंभाचा दिवस उजाडला. सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर ती खुर्ची, पाठीवरच्या पट्टीवर निळं फडकं टाकलेलं. त्या फडक्याखाली आपलं नाव आहे या कल्पनेने साहेब दर मिनिटाला तिकडे बघत होते. पहिल्या रांगेत साहेबांच्या एका बाजूला वकीलीणबाई, दुसऱ्या बाजूला हेडबाई, मागे भिंतवाले दोघे भाऊ इस्त्रीचे सदरे घालून. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश आले होते. निवृत्त झाल्यापासून बिचाऱ्यांचा एकही हुकूम कोणी पाळला नव्हता. घरी तर मांजरसुद्धा त्यांच्या खुर्चीवरून उठत नसे. ते पेंगत बसले होते.

"तोंड मिटून बसा," वकीलीणबाई कुजबुजल्या. "ते बोलतील. तुम्ही फक्त ऐकायचं. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?"

मखमलसाहेब उठले. सभागृहावर तो मऊ आवाज पसरला.

"आमचे हे ज्येष्ठ सहकारी म्हणजे सौजन्याची मूर्ती."

तारीखसाहेबांचा गुडघा हलला. गेली कित्येक वर्षं या आवाजातलं एकही वाक्य त्यांनी न अडवता जाऊ दिलं नव्हतं.

"त्यांचा आवाज चढलेला कोणी कधी ऐकला नाही."

गुडघा पुन्हा हलला. वकीलीणबाईंनी त्यांच्या कोटाचं टोक घट्ट धरलं.

"आणि विनाकारण तारीख? ती तर त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाही मागितली नाही!"

कोटाचं टोक सुटलं. डॉक्टरने गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय जसा आपोआप उडतो, तसे साहेब उभे राहिले होते.

"हरकत आहे!"

आणि व्यासपीठावर पेंगणारे न्यायाधीश खाडकन सरळ झाले. त्यांच्या डोळ्यांत असं काही तेज आलं, की पुढच्या रांगेतल्यांनी पाय जवळ घेतले.

"कोणत्या मुद्द्यावर?"

"विधान निराधार आहे, साहेब. विद्वान मित्रांनी कसलाही पुरावा दिलेला नाही."

"हरकत मान्य!" न्यायाधीशांनी पाण्याचा पेला टेबलावर आपटला. "पुरावा द्या."

खरं तर मखमलसाहेबांनी इथे हसून विषय सोडायला हवा होता. पण त्यांचं वाक्य आजवर कोणी पाडलं नव्हतं. मखमल ताठ झाली.

"पुरावा? आत्ता देतो. भिंतवाल्यांपैकी थोरल्यांनी उभं राहावं. सांगा, तुमचा खटला यांनी कसा चालवला?"

"अगदी मन लावून, साहेब," थोरला हात जोडून म्हणाला. "माझ्या लग्नाआधी सुरू केला, तो नातवंडं झाली तरी सोडला नाही."

हशा पिकला. तारीखसाहेब कोट सावरत पुढे झाले.

"उलटतपासणी, साहेब. काय हो, खटला तुम्ही जिंकलात?"

"तसं नाही, पण तुम्ही फार—"

"हो की नाही?"

"नाही."

"हरलात?"

"नाही."

"मग संपला कसा?"

"भिंत पडली ना, साहेब."

"मी पाडली?"

"छे हो. पावसाने."

"म्हणजे या खटल्याच्या निकालाचं श्रेय कोणाचं?"

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने वर पाहिलं. "पावसाचं," दोघे एकदम म्हणाले.

"हे नोंदवून घ्यावं, साहेब!"

न्यायाधीशांनी कारकुनाचं पेन हिसकावून घेतलं आणि नोंदवून घेतलं. मखमलसाहेबांच्या कपाळावर घाम आला. तो घाम पाहण्यासाठी तारीखसाहेबांनी हयात घालवली होती.

"घरच्या माणसापेक्षा मोठा साक्षीदार नाही!" मखमलसाहेब म्हणाले. "वहिनी, तुम्हीच सांगा. कसे आहेत हो हे?"

वकीलीणबाई उठल्या. अजूनही बुडती नाव वाचेल असं त्यांना वाटत होतं. "फार सज्जन आहेत. वेळेचे पक्के. शब्दाला जागणारे."

तारीखसाहेब वळले. समोर कोण आहे हे त्यांना दिसत होतं, पण दिसून उपयोग नव्हता.

"बाई, आपले पती संध्याकाळी घरी वेळेवर येतात?"

"अहो, बसा खाली!"

"साक्षीदाराने प्रश्नाचं उत्तर द्यावं."

"द्यावंच लागेल, बाई," न्यायाधीशही म्हणाले.

वकीलीणबाईंनी कंबरेवर हात ठेवले. "नाही येत. आणि आज तर येऊच नका."

"मला आणखी काही विचारायचं नाही, साहेब."

मग त्यांनी भाषण केलं. आहाहा, काय भाषण! आपण कसे रागीट आहोत, आळशी आहोत, त्या गरीब आत्याला आपण किती वेळा सरणावर चढवलं, एकेक मुद्दा त्यांनी असा मांडला की विरोधी बाजूला सुईच्या टोकाएवढी जागा उरली नाही. नम्रता शिकवणाऱ्या हेडबाईसुद्धा भान विसरून "शाब्बास!" म्हणाल्या. मखमलसाहेब उत्तराला उठले, तोंड उघडलं आणि पुन्हा बसले.

न्यायाधीशांनी तिथल्या तिथे निकाल लिहून वाचला. अर्ज फेटाळला होता.

टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. तारीखसाहेबांनी दोन्ही हात वर केले. जिंकलो! मखमलविरुद्ध जिंकलो! ते भिंतवाल्या भावांना मिठ्या मारत असताना त्यांना दिसलं, की दोन शिपाई व्यासपीठावरून खुर्ची उचलून नेत आहेत. निळं फडकं घसरलं. पट्टीवर त्यांचं नाव होतं, नुकतंच कोरलेलं, चकचकीत. कारकून तिचे स्क्रू सोडवत होता.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की हरलेला अशीलही आपणच आहोत.

सभागृह रिकामं झालं तरी ते पायरीवर बसून होते. अशिलाची समजूत ते नेहमी 'वरच्या कोर्टात बघू' म्हणून काढत. आज वरचं कोर्ट कुठलं तेही सुचेना. पंख्याचा वारा, पितळेची पट्टी, "ते काय, साहेब बसलेत", सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने धुळीला मिळवलं होतं, आणि तेसुद्धा काय सुंदर मुद्देसूद रीतीने!

शेजारी कोणीतरी येऊन बसलं. मखमलसाहेब होते.

"हरवलंत बुवा आज मला," मखमलसाहेब म्हणाले. आवाज मऊ नव्हता, चांगला खरखरीत होता. "आत्याचा मुद्दा तर मला सुचलाच नव्हता."

"छत्री तुमचीच होती," तारीखसाहेब म्हणाले.

"माहीत आहे मला. पुढच्या वर्षी माझं नाव तुम्हाला सुचवायचंय, लक्षात आहे ना?"

"बघू," साहेब म्हणाले. "तारीख घेऊ."

घरी वकीलीणबाई आठवडाभर एकाक्षरी बोलल्या. बदकं स्वयंपाकघरातच होती आणि मधला कप्पा आ वासून पडला होता. पाहुणा आला की आधी त्या रिकाम्या कप्प्याकडे बघे आणि मग साहेबांकडे. साहेब तोंड मिटून बसत. आता नम्रता शिकवावी लागत नव्हती.

मग एके दिवशी निकालाची नक्कल आली. हौशी न्यायाधीशांनी ती सुवाच्य अक्षरात, शिक्क्यासकट पाठवली होती. बाईंनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग पदर खोचून बाहेर गेल्या आणि संध्याकाळी सोनेरी चौकटीत घालूनच घेऊन आल्या. चौकट मधल्या कप्प्यात उभी राहिली. आणि स्वयंपाकघरातून दोन्ही बदकं परत आली. एक वरच्या फळीच्या कडेला असं बसलं, की त्याच्या खाली लोंबत्या शेपटीने पहिली ओळ झाकली. दुसरं चौकटीच्या पायाशी बसलं, शेवटच्या ओळीपुढे.

पहिली ओळ होती, 'अर्जदार कोणत्याही सन्मानास पात्र नाहीत.' शेवटची होती, 'सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे.' दोन बदकांच्या मधे एवढंच उरलं होतं: 'इतका बिनतोड युक्तिवाद या न्यायालयाने आपल्या संपूर्ण कारकिर्दीत ऐकलेला नाही.'

पाहुणे वाचत आणि वा वा करत. वाचून झालं, की एखादा चौकस पाहुणा "बदकं छान आहेत हो" म्हणत खालच्या बदकाकडे हात नेई. त्यासरशी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून तारीखसाहेब ताडकन उठत.

"हरकत आहे!"

आणि स्वयंपाकघरातून लगेच आवाज येई, "हरकत मान्य!"